एका कीखाली अनेक व्हॅल्यू: लूप फिरतो, मग नोंदी जातात कुठं?

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या स्क्रीनवर दिसत असेल तर पुढं वाचा, नसेल तर तुमचा आजार वेगळा आहे.

दूध संस्थेच्या संकलनाची पायथनमध्ये डिक्शनरी केली आहे. सभासद क्रमांक ही की आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या नोंदी ही व्हॅल्यू. दहा दिवसांचं बिल काढायला लूप फिरवला तर:

– प्रत्येक सभासदाची एकच नोंद येते, तीही शेवटच्या दिवसाची संध्याकाळची.
– प्रत्येकाच्या नावावर अख्ख्या गावाचं दूध जमा दिसतं.
– पहिल्याचं बिल बरोबर, दुसऱ्याचं जरा जास्त, आणि शेवटच्या सभासदाला लॉटरी लागते.
– गावाच्या नावाऐवजी एकेक अक्षर खाली खाली छापलं जातं. मधेच एखादा काना एकटाच लटकतो.
– ‘टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक’, ‘नन-टाइप ऑब्जेक्ट हॅज नो ॲट्रिब्यूट अपेंड’ किंवा ‘डिक्शनरी चेंज्ड साइज ड्युरिंग इटरेशन’ यांपैकी एक एरर येतो.
– एकाच सभासदाची दोन बिलं निघतात, दोन्ही अर्धवट.
– एरर काहीच नाही. बिलं छान निघतात, फक्त बेरीज रजिस्टरशी जुळत नाही.

शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते उत्पादक खिडकीवर येऊन भांडायला लागल्यावर कळतं.

उदाहरण दुधाचं घेतलंय कारण आमच्या कोल्हापूरकडं ते गावोगावी आहे. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एका हीट नंबरखाली (एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) पंचवीस कास्टिंग असतात, तिथंही हेच होतं. हुपरीच्या चांदीवाल्याकडं एका कारागिराच्या नावावर दहा वजनं असतात, तिथंही हेच. डेटा कुठलाही असो, खोट त्याच चार-पाच जागी सापडते.

आणि माझं स्पष्ट मत असं की लूपवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. लोक तासन् तास लूप उलटासुलटा करत बसतात, आणि नोंद गेलेली असते ती लूपच्या आधीच, डिक्शनरी भरताना.

एक सूचना. कोड मी फोनवर वाचून दाखवतो तसा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना कीवर्ड आणि मेथडची नावं इंग्रजीतच टाका. व्हेरिएबलला मात्र पायथन ३ मध्ये खुशाल ‘गावं’, ‘नोंदी’ अशी मराठी नावं द्या, चालतात.

पहिली तपासणी: नुसतं मोजा

फुकटची आणि एका ओळीची. फाइलमध्ये किती ओळी आहेत आणि डिक्शनरीत (इथं तिचं नाव ‘खातं’) एकूण किती नोंदी उतरल्या, हे शेजारी शेजारी छापा:

प्रिंट(सम(लेन(नोंदी) फॉर नोंदी इन खातं.व्हॅल्यूज()))

तीन सभासद, दहा दिवस, दोन वेळा, म्हणजे साठ ओळी. हेडिंगची ओळ धरायची नाही. उत्तर साठ आलं तर निदान संख्या बरोबर आहे, दुसऱ्या तपासणीवर जा. कमी आलं तर नोंदी पुसल्या जातायत, चौथी तपासणी बघा. एकशेवीस आलं तर बहुतेक तुम्ही ज्युपिटरसारख्या नोटबुकमध्ये काम करताय आणि भरण्याचा सेल दोनदा चालवलाय. डिक्शनरी रिकामी करणारी ओळ त्याच सेलमध्ये सगळ्यात वर घ्या, विषय संपला.

‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप फ्लोट हॅज नो लेन’ असा एरर आला तर तोही निदानच. व्हॅल्यू लिस्ट नाहीये, नुसता एक आकडा आहे. आणि एक फसवं उत्तर: तीन सभासदांना सहा आले तर ‘चला, थोड्या तरी आहेत’ असं समजू नका. लिटर आणि फॅट अशी एकच जोडी व्हॅल्यू म्हणून ठेवली असेल तर लेन त्या जोडीतले दोन आकडे मोजतं. तिथं नोंद एकच आहे.

फरक फक्त पैशांत येत असेल, म्हणजे चार-दोन पैसे इकडं तिकडं, तर नोंद हरवलेली नाही. तो दशांश आकड्यांचा दोष आहे. पैशांसाठी फ्लोट सोडून डेसिमल वापरा, आणि हा लेख इथंच बंद करा.

दुसरी: एक की उघडून आत बघा

एक सभासद निवडा. त्याची व्हॅल्यू रेपर (टाइप करताना repr) लावून छापा आणि टाइपही छापा. प्रिंट दिसायला गोड छापतं, रेपर जे खरं आहे ते अवतरणचिन्हांसकट दाखवतं.

बाहेर चौकोनी कंस हवा आणि आत नोंदी. सरळ स्ट्रिंग दिसली तर अक्षरं खाली खाली का छापली जातात ते कळलंच. स्ट्रिंगवरही लूप फिरतो, तक्रार न करता. मराठीत हे जास्त विचित्र दिसतं, कारण पायथन अक्षर मोजत नाही, युनिकोडचे कोड पॉइंट मोजतं. ‘कागल’ आपल्या लेखी तीन अक्षरं. पायथनच्या लेखी चार: क, काना, ग, ल. ‘हुपरी’ची पाच होतात. तो लटकणारा काना तिथून येतो.

हे होतं कसं? समजा डिक्शनरीत तालुका ही की आणि त्यातली गावं ही व्हॅल्यू आहे. ज्या तालुक्यात दोन-तीन गावं आहेत तिथं लिस्ट केली, आणि जिथं एकच गाव आहे तिथं ‘एकच तर आहे’ म्हणून नुसतं नाव टाकलं. नियम असा ठेवा की व्हॅल्यू एक असो वा शंभर, लिस्टच. रिकामी असली तरी रिकामी लिस्ट. ट्युपलवाल्यांसाठी (गोल कंसातली, न बदलणारी यादी) जादा इशारा: गोल कंसात एकच नाव टाकलं आणि पुढं स्वल्पविराम दिला नाही तर तो ट्युपल होत नाही, स्ट्रिंगच राहते.

डेटा बाहेरून येत असेल आणि तिथं कधी स्ट्रिंग, कधी लिस्ट असा कारभार असेल, तर आत घेतानाच इझइन्स्टन्स लावून स्ट्रिंगची लिस्ट करून टाका. प्रत्येक लूपमध्ये ती तपासणी लावत बसू नका.

तिसरी: लूपची ओळ मोठ्यानं वाचा

डिक्शनरीवर सरळ फॉर लावला की हातात फक्त की येते, व्हॅल्यू येत नाही. दोन्ही हवं असेल तर आयटम्स लागतं. आणि एका कीखाली अनेक व्हॅल्यू आहेत म्हटल्यावर लूपही दोन लागतात, एकात एक:

फॉर तालुका, गावं इन जिल्हा.आयटम्स():
    फॉर गाव इन गावं:
        प्रिंट(तालुका, गाव)

जिल्ह्यात शिरोळखाली नृसिंहवाडी, खिद्रापूर, कुरुंदवाड. हातकणंगलेखाली इचलकरंजी, हुपरी. कागलखाली मुरगूड असं भरलं असेल तर सहा ओळी यायला हव्यात. तीनच आल्या आणि प्रत्येकीत चौकोनी कंस दिसला, तर आतला लूप राहिलाय.

आयटम्स विसरलात तर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण की कशी आहे त्यावर एरर बदलतो. पायथन कीचेच दोन तुकडे करायला जातं. की ‘कागल’ असेल तर ‘टू मेनी व्हॅल्यूज’. की पूर्णांक असेल तर ‘कॅनॉट अनपॅक नॉन-इटरेबल इंट’. की एकच अंकाची स्ट्रिंग असेल तर ‘नॉट इनफ व्हॅल्यूज’. आणि की बरोबर दोन अंकांची स्ट्रिंग असेल, समजा सभासद ‘१२’, तर एररच येत नाही! सभासद होतो १, नोंदी होतात २, आणि लूप पुढं सरकतो. चाचणीला दहा ते नव्याण्णवमधलेच चार सभासद घेतले तर हा दोष दडून बसतो. म्हणून चाचणीत एक आकडी आणि तीन आकडी सभासद मुद्दाम घाला.

बिल चढत जाण्याचं लक्षण इथलंच. ‘बेरीज = ०’ ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत आणि आतल्या लूपच्या बाहेर हवी. दोन्हींच्या बाहेर राहिली तर मागच्याचं दूध पुढच्याच्या नावावर चढतं. दोन्हींच्या आत गेली तर शेवटचीच नोंद उरते, आणि तुम्ही उगाच भरण्यावर संशय घेता. एका टॅबचा फरक.

बिलांचा क्रम विचित्र येत असेल तर काळजी नको. पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, डिक्शनरी ज्या क्रमानं भरली त्याच क्रमानं फिरते. क्रमांकानुसार हवं असेल तर सॉर्टेड लावा. फक्त की स्ट्रिंग असेल तर दहा हा दोनच्या आधी येतो.

चौथी: भरणारी ओळ. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं

समजा रजिस्टरमध्ये बारा नंबरच्या सभासदाची एका दिवसाची नोंद अशी आहे: सकाळी ४.५ लिटर, फॅट ६.८, संध्याकाळी ३.८ लिटर, फॅट ७.१. म्हशीचं दूध आहे, मूळ दर ६.० फॅटचा, म्हणजे या माणसाला वरचा दर मिळायला हवा. दिवसाचं दूध ८.३ लिटर. भरणारी ओळ अशी लिहिली:

खातं[सभासद] = (लिटर, फॅट)

सकाळची ओळ वाचली, बाराखाली ४.५ आणि ६.८ बसले. संध्याकाळची वाचली, त्याच बाराखाली ३.८ आणि ७.१ बसले. सकाळचं दूध गेलं. पायथननं काही चुकीचं केलं नाही, बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आधीचं काढून हे ठेव’. डिक्शनरीत एक की एकदाच असते. कोडमध्ये हातानं डिक्शनरी लिहिताना एकच की दोनदा लिहिली तरी हेच: शेवटची राहते, पहिली गुपचूप जाते, इशारा नाही, एरर नाही.

हवंय ते ‘नसेल तर रिकामी लिस्ट ठेव, आणि त्यात हे जोड’:

खातं.सेटडिफॉल्ट(सभासद, []).अपेंड((लिटर, फॅट))

किंवा कलेक्शन्समधून डिफॉल्टडिक्ट घ्या, त्याला लिस्ट सांगा, आणि नुसतं अपेंड करत सुटा. मला भरताना डिफॉल्टडिक्ट आवडतं, वाचायला सोपं जातं. पण भरून झालं की डिक्ट लावून त्याची साधी डिक्शनरी करून ठेवा. कारण सहाव्या तपासणीत येईल.

आता हीच ओळ लिहिताना होणारे प्रकार.

अपेंडचं उत्तर पुन्हा त्याच कीत ठेवणं. अपेंड लिस्ट जागेवरच बदलतं आणि हातात नन, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. म्हणजे पहिल्या नोंदीनंतर कीखाली लिस्ट नाही, नन बसतो, आणि दुसऱ्या नोंदीला तो ‘नन-टाइप’वाला एरर येतो. डावीकडचं बरोबरचं चिन्ह काढून टाका.

अपेंडऐवजी एक्स्टेंड. एक्स्टेंड दिलेली गोष्ट फोडून एकेक तुकडा जोडतं. जोडी दिली तर लिटर आणि फॅट सुटे सुटे होऊन बसतात, गावाचं नाव दिलं तर पुन्हा अक्षरं. उलट लिस्टच्या जागी अख्खी लिस्ट अपेंड केली तर लिस्टमध्ये लिस्ट, आणि लूपला आणखी एक पायरी लागते.

फ्रॉमकीज. सगळ्या सभासदांना एका झटक्यात रिकामी लिस्ट द्यायला डिक्ट.फ्रॉमकीज(सभासद, []) लिहितात. सुटसुटीत दिसतं, आणि अख्ख्या गावाचं दूध प्रत्येकाच्या नावावर चढतं ते इथूनच. ती लिस्ट एकच आहे, सगळ्या की तिच्याकडंच बोट दाखवतात, जसं अख्ख्या गल्लीचं दूध एकाच किटलीत ओतावं. खात्री करायची असेल तर दोन सभासदांच्या व्हॅल्यूचा आयडी छापून बघा. आकडा सारखा आला तर लिस्ट सामायिक आहे. सेटडिफॉल्टनं हा प्रश्न येत नाही, कारण तिथं दर वेळी नवी लिस्ट तयार होते.

याच जातीचा एक लपलेला भाऊ: ‘ओळ’ नावाची लिस्ट लूपच्या बाहेर एकदाच केलेली असते, प्रत्येक फेरीत क्लिअर करून पुन्हा भरलेली, आणि तीच अपेंड केलेली. शेवटी साठ नोंदी दिसतात, साठही सारख्याच. मोजणीत हा पकडला जात नाही, म्हणून दुसरी तपासणी सोडू नका.

पाचवी: दिसायला एक, असायला वेगळ्या की

एका सभासदाची दोन अर्धवट बिलं म्हणजे हा प्रकार. पूर्णांक बारा, इंग्रजी अंकांतली स्ट्रिंग बारा, देवनागरी स्ट्रिंग ‘१२’ आणि शेवटी स्पेस असलेली ‘१२ ’, या पायथनच्या लेखी चार वेगळ्या की आहेत. सकाळी एकानं एंट्री केली, संध्याकाळी दुसऱ्यानं कीबोर्ड मराठीत ठेवून केली, झालं. सुदैवानं पायथनचं इंट देवनागरी अंक ओळखतं आणि कडेच्या स्पेसही गिळतं. आत घेतानाच इंट(सभासद) केलं की चारही एक होतात. पण सभासद कोडच्या सुरुवातीच्या शून्याला तुमच्याकडं अर्थ असेल तर इंट करू नका, स्ट्रिप करून अंक एकाच लिपीत आणा.

नावं की असतील तर जास्त चिकट काम. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ या अक्षरापासून बनवतात, काही साध्या र ला हलन्त देऊन मागं न दिसणारा जोडक टाकतात. डोळ्याला एकच शब्द, डिक्शनरीत दोन. रेपर तो न दिसणारा जोडक उघडा करतं. त्यापुढं जायचं तर ॲस्की फंक्शननं छापा, प्रत्येक कोड पॉइंट दिसेल. युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ नुक्त्याचे फरक मिटवतं, हा जोडक मात्र मिटवत नाही. तो रिप्लेसनं बदलावा लागतो, आणि स्ट्रिपही त्याला हात लावत नाही.

एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, आणि ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. ‘सभासद’ कॉलम समोर दिसतोय, तरी कीएरर येतो. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या.

सहावी: फिरता फिरता बदल

लूप चालू असताना डिक्शनरीत की घातली किंवा काढली तर पायथन ‘चेंज्ड साइज’ म्हणून थांबतं. आहे त्या कीची व्हॅल्यू बदलायला हरकत नाही. काढायचंच असेल तर लिस्ट(खातं.आयटम्स()) वर फिरा.

डिफॉल्टडिक्टची खोड इथं नडते. नसलेली की नुसती वाचली तरी ती तयार होते. लूपमध्ये सहज खातं[दुसरासभासद] बघितलं, की वाढली, लूप पडला. म्हणून मघाशी साधी डिक्शनरी करा म्हटलं. गेट किंवा इननं विचारलं तर की तयार होत नाही.

डिक्शनरी निदान ओरडते तरी. आतली लिस्ट ओरडत नाही. शून्य लिटरच्या नोंदी फिरता फिरता रिमूव्ह केल्या आणि दोन शून्य लागोपाठ असतील, तर दुसरं सुटतं. हव्या त्या नोंदींची नवी लिस्ट करा, जुनीतून उपसू नका.

सातवी: आणलेल्या अवजारांच्या खोडी

एका सभासदाखाली लिटरची वेगळी लिस्ट आणि फॅटची वेगळी लिस्ट ठेवून झिपनं जोडत असाल तर थांबा. एका संध्याकाळचं फॅट लागायचं राहिलं, तर त्यापुढचं प्रत्येक फॅट एक नोंद आधी सरकतं आणि शेवटचं दूध गळतं. झिप आखूड लिस्टपाशी मुकाट थांबतं. पायथन ३.१० पासून स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, मग ते एरर देतं. पण खरा इलाज म्हणजे एका नोंदीचं सगळं एकत्र ठेवणं.

इटरटूल्सचं ग्रुपबाय फक्त लागोपाठच्या सारख्या कींचा गट करतं. आधी सॉर्ट केलं नाही तर एकाच सभासदाचे वीस गट होतात, आणि त्यांची डिक्शनरी केली की शेवटचाच उरतो. जेसनमधून जाऊन आलेल्या पूर्णांक की स्ट्रिंग होऊन परततात, आणि जेसन फाइलमध्येच एक की दोनदा असेल तर वाचताना पहिली गळते. ते पकडायचं असेल तर लोड करताना ऑब्जेक्ट-पेअर्स-हुक द्यावा लागतो.

इथं हात थांबवा

स्क्रिप्टनं मूळ फाइलवरच पुन्हा लिहिलं असेल तर ती परत चालवू नका. दर वेळी चालवल्यानं उरलेलंही जातं. फाइलची प्रत काढा, कॉम्प्युटर तसाच ठेवा आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराला बोलवा.

दूध मोजणाऱ्या मशीनमधून निघालेल्या फाइलमध्येच ओळी कमी असतील तर पायथनमध्ये शोधण्यासारखं काही नाही. मशीन बसवणाऱ्याला गाठा. मधल्या नोंदी अंदाजानं भरणं तर अजिबात नको.

चुकीची बिलं वाटून झाली असतील तर कोड दुरुस्त करून नवी बिलं छापणं हा तुमचा निर्णय नाही. आधी सचिव आणि हिशेबनीस.

दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी एकाच फाइलमध्ये एंट्री होत असेल, किंवा वर्षानुवर्षांचा डेटा साचत असेल, तर डिक्शनरीला ठिगळं लावू नका. हे डेटाबेसचं काम आहे. एका कॉम्प्युटरपुरतं पायथनसोबत येणारं एसक्यूलाइट बरंच पुढं नेतं, पण टेबलं कशी मांडायची ते एकदा डेटाबेस कळणाऱ्या माणसाकडून करून घ्या. पैसे लागतील, लागू द्यात.

बोलवाल तेव्हा त्याच्या हातात या गोष्टी द्या: मूळ फाइलची न बदललेली प्रत, पायथनचं व्हर्जन, एररचा पूर्ण मजकूर (फोटो काढलात तरी शेवटची ओळ कापू नका), आणि एका सभासदाच्या दहा दिवसांच्या नोंदी रजिस्टरमधून कागदावर उतरवून. तो कागद नसला तर पहिला तास त्यातच जातो.